गोळा

सावद्यात रात्री अडीचला
बाच्या पोटरीत गोळा येतो.
आधी खाट ओरडते, मग बा.

मी अंधारातच पाय शोधते.
पोटरी घडाच्या दांडीसारखी टणक,
आत काहीतरी मूठ वळून बसलेलं.
टाच एका हातात धरते,
दुसऱ्यानं पंजा नडगीकडे रेटते.
"मोडशील पोरी."
"मोडत नाही. गप पड."

डॉक्टर सांगतात, केळं खात जा रोज.
बा हसतो.
"तीस वर्षं थेच तं खाऊन राह्यलं मले."

रुबाब तडवी, टोळी आठ जणांची,
एका ट्रकला पाचशे घड.
खांद्यावर गोणपाटाची घडी,
तिच्यावर चिकाचे काळे डाग,
कुठल्याच साबणाला न जुमानणारे.
लहानपणी याच दंडाच्या बेटकुळीला
आम्ही दोघी बहिणी लोंबकळायचो
आणि तो दारापर्यंत चालत जायचा,
जसं काही अंगावर कुणी नाहीच.

आता मी जळगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
पुस्तकात लिहिलंय:
स्नायू फक्त ओढतो.
ढकलणं त्याला येतच नाही.
मी बाला विचारलं, मग त्या भादव्यात
काळ्या मातीत रुतलेला ट्रक
तुम्ही आठ जणांनी ढकलला, तो?
तोही आतून ओढलाच होता, बा.
कोपर सरळ झालं ते
दंडाच्या मागच्या बाजूनं ओढलं म्हणून,
आणि पुढच्या बाजूनं सैल सोडलं म्हणून.
दोघं एकाच वेळी हट्टाला पेटले
तर हात जागच्या जागी थरथरतो,
बाकी काही होत नाही.

बा बराच वेळ विडीकडे बघत राहिला.
"आमचंबी तसंच. वरचा घड देते,
खालचा खांदा देते.
वरच्यानं सोडला नाही
तं फण्या तुटतेत. मग व्यापारी कापते पैसे."

त्याला अजून सांगायचं होतं.
की आत धागे असतात, दोन जातींचे.
जाड धाग्याला बारीक बारीक हात,
ते पातळ धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात,
पुढे पुन्हा धरतात,
विहिरीचा दोर ओढतो आपण, तसं.
धागा कुठलाच आखूड होत नाही,
नुसते एकमेकांत सरकतात.
आणि तेवढ्यानं घड उचलला जातो.
तेवढ्यानंच पापणीही.

पण एक ओळ मी त्याला वाचून दाखवली नाही.
धरलेलं सोडायला शिदोरी लागते.
ती संपली की हात
धरलेल्या जागीच राहतो.

वॉर्डात अकरा नंबरचा म्हातारा
पहाटे केव्हातरी गेला होता.
सकाळी आम्ही चादर काढायला लागलो
तर टोक त्याच्या मुठीत.
मी एकेक बोट उघडून पाहिलं,
मग दोन्ही हातांनी.
त्याच्या अंगात काही उरलं नव्हतं,
म्हणूनच सुटत नव्हतं.
सिस्टर म्हणाल्या, ओढू नकोस,
कात्री आण.
चादरीचा कोपरा त्याच्याबरोबर गेला.
रजिस्टरमध्ये लिहिलं: चादर एक, फाटलेली.

"सुटला," बा म्हणतो.
हाताखाली पोटरी हळूहळू
माणसाची होत जाते.
आत कुठेतरी लाखो बारीक हात
शिदोरी खाऊन
एकेक करत मोकळे होतायत,
आणि हे त्याला कोण सांगणार,
तो तर घोरायलाही लागला.

पाचच्या गाडीला अजून वेळ आहे.
मी खाटेच्या कडेला बसून राहते.
खिडकीतून स्टेशनच्या बाजूचा थोडा उजेड,
त्यात बाचा उजवा खांदा,
डाव्यापेक्षा दोन बोटं वर.
झोपेतसुद्धा.

"बा, खांदा सोड."
"सोडलाच तं हाये," तो झोपेत म्हणतो.